पाचवीच्या आधी लिहिलेलं

ओपीडीबाहेरच्या बाकावर तुम्ही नंबर येण्याची वाट बघत बसला आहात. शेजारी तुमची आठ वर्षांची लेक. तिचा खोकला ओला, कफाचा. एकदा सुरू झाला की कॉरिडॉरमधली माणसं वळून बघतात. नाक बारा महिने वाहतं. सर्दी हिच्या पाचवीलाच पुजली आहे, असं घरात सगळे म्हणतात.

मांडीवर एक्स-रेचं पाकीट आहे. काल फिल्म देताना तंत्रज्ञाने ती एकदा पालटून पाहिली, पुन्हा सरळ धरली, कोपऱ्यातली डाव्या-उजव्याची खूण तपासली आणि मग सावकाश म्हणाला, "फिल्म बरोबर आहे. हृदयच उजव्या बाजूला आहे."

आठ वर्षांत किती औषधं झाली, किती काढे, किती वाफारे. हृदयाची बाजू मात्र कुणी पाहिली नव्हती. आता तुमच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे : खोकल्याचा आणि हृदयाच्या जागेचा काय संबंध? त्या प्रश्नाचं बोट धरून तुम्ही मागे निघता. फिल्म बरोबर घ्या, वाटेत लागेल.

लंडन, १७८८

ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरची शरीररचनेची शाळा. टेबलावर एका पुरुषाचा मृतदेह आहे आणि त्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मॅथ्यू बेली वाकला आहे. ही शाळा त्याच्या मामाने, विल्यम हंटरने उभी केली. मामा जाऊन पाच वर्षं झाली. आता भाचा शिकवतो आहे.

छाती उघडली जाते. हृदयाचं टोक उजवीकडे आहे. पोट उघडलं, तर यकृत डाव्या कुशीत आणि प्लीहा उजव्या. एकही अवयव कमी नाही, एकही बिघडलेला दिसत नाही. आरशात पाहावं तशी सगळी मांडणी फक्त उलटी आहे. तुम्ही खिडकीच्या उजेडात फिल्म धरता. तीच मांडणी, तुमच्या लेकीच्या बरगड्यांमागे.

बेली हे सगळं नीट लिहून रॉयल सोसायटीकडे पाठवणार आहे. काय दिसलं ते त्याला सांगता येतं. असं का झालं, याचं उत्तर मात्र त्या टेबलावर नाही. ते ज्या गोष्टीत दडलं आहे, ती सुरीच्या टोकालाही लागणार नाही इतकी बारीक आहे. ती पाहायला तुम्हाला अजून शंभर वर्षं मागे जावं लागेल.

डेल्फ्ट, १६७६

रायगडावरच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली आहेत. इकडे हॉलंडमध्ये, कालव्यांच्या या गावात, आंतोनी फान लीवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी पितळेची छोटी पट्टी डोळ्याला लावून खिडकीशी उभा आहे. पट्टीत त्याने स्वतः घासलेलं मुगाच्या दाण्याहून लहान भिंग आहे. पलीकडे पाण्याचा थेंब.

तो पट्टी तुमच्या हातात देतो. पापणी भिंगाला टेकेपर्यंत जवळ न्या. आधी नुसता उजेड, मग धूसर हालचाल, आणि मग दिसतो तो एक इवलासा जीव, पाण्यातून सरसर कापत जाणारा. त्याच्या अंगाभोवती काहीतरी लवलवतं आहे. लीवेनहुकला ते बारीक पाय वाटतात. ऑक्टोबरमध्ये लंडनला पाठवलेल्या लांबलचक पत्रात तो या जिवांचं वर्णन करतो.

ते पाय नव्हेत, ती लव आहे. पुढे तिला सिलिया हे नाव मिळालं. त्या लॅटिन शब्दात पापणीचा केस आहे. आपल्याकडच्या विश्वकोशातला पक्ष्माभिका हा शब्दही पक्ष्म म्हणजे पापणीच्या केसावरूनच आला. तशीच लव, या क्षणी, भिंग धरलेल्या तुमच्या नाकात आणि श्वासनलिकेत हलते आहे. एकेका पेशीवर सुमारे दोनशे केस. एकेका केसाची लांबी डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी. सेकंदाला दहा-पंधरा फटके.

गावाकडे स्लॅब पडायच्या दिवशी घमेली कशी हातोहात वर जातात ते आठवा. जागा सोडून कुणी पळत नाही. प्रत्येकजण घमेलं घेतो, वळतो, पुढच्याला देतो, आणि तळातला माल गच्चीवर पोचतो. लवेचंही तसंच चालतं. धूळ, जंतू, परागकण अडकलेला शेंबडाचा पातळ थर हे केस एकामागून एक ढकलत घशापर्यंत आणतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र, झोपेतसुद्धा. ही रांग थांबली तर कफ खालीच साचतो, त्यात जंतू वाढतात, आणि तो वर काढायला शरीराकडे एकच झाडू उरतो : खोकला.

झुरिच, १९३३

आता पुढे या. मानेस कार्टागेनर या डॉक्टरच्या टेबलावर चार रुग्णांचे कागद आहेत. चौघांच्याही श्वासनलिका सैल पडून पिशव्यांसारख्या फुगल्या आहेत आणि त्यांत कफ साचून राहतो. ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात ते हेच. जोडीला नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कायमचा आजार. आणि अवयवांची मांडणी उलटी.

कीव्हमध्ये सीव्हर्ट नावाच्या डॉक्टरने १९०४ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. एकदा दिसलं तर योगायोग म्हणता येतो. चारदा दिसल्यावर कार्टागेनर थांबतो. या तीन गोष्टी एकमेकींना ओळखतात, हे त्याने ठामपणे मांडलं, म्हणून त्या त्रिकुटाला त्याचं नाव मिळालं. लेकीचे कागद त्याच्यासमोर ठेवले असते तर त्याने पाचवा म्हणून क्रमांक टाकला असता. पण ही ओळख कुठली, ते त्यालाही ठाऊक नाही.

स्टॉकहोम, १९७६

खोली अंधारी आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पडदा हिरवट उजेडाने भरला आहे आणि त्या उजेडात ब्यॉर्न आफ्झेलियस यांचा चेहरा अर्धाच दिसतो. पडद्यावर शुक्रजंतूच्या शेपटीचा आडवा छेद आहे. शेपूट आणि लव आतून एकाच घडणीची : कडेने गोलाकार नऊ जोड्या, मधोमध दोन नळ्या.

निरोगी छेदात प्रत्येक जोडीला शेजारच्या जोडीकडे वळलेले दोन आखूड हात दिसतात. आफ्झेलियस यांनी ते १९५९ मध्येच समुद्रातल्या साळिंदरासारख्या काटेरी जिवाच्या, सी अर्चिनच्या, शुक्रजंतूत पाहिले होते. १९६५ मध्ये इयन गिबन्स यांनी त्या हातांच्या प्रथिनाला डायनीन नाव दिलं. हे हात ऊर्जा खर्चून शेजारच्या जोडीला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. ओढाओढीत अख्खा केस वाकतो. तोच त्याचा फटका.

आता ते दुसरी काच सरकवतात. हा छेद अशा पुरुषाचा आहे ज्याचे शुक्रजंतू जिवंत असूनही हलत नाहीत. तुम्ही मोजता. नऊ जोड्या आहेत. मधल्या दोन आहेत. हात नाहीत.

असे चार पुरुष आफ्झेलियस यांच्यासमोर आहेत. त्यांतल्या तिघांना लहानपणापासून छातीचा आणि नाकाचा त्रास आहे आणि त्यांच्या श्वासनलिकेतला कफ जागचा हलत नाही. काहींचं हृदय उजवीकडे. शेपटीत हात नाहीत, लवेतही नाहीत. खोकला आणि मूल न होणं या दोन दूरच्या दुःखांची मुळी एकच निघते.

पण हृदय? इथे ते एक धाडसी तर्क करतात. गर्भात कुठेतरी अशी लव असावी जिच्या हालचालीवरून शरीर डावं-उजवं ठरवतं. ती थिजली तर निर्णय नशिबावर जातो, आणि निम्म्या वेळा हृदय चुकीच्या बाजूला पडतं. अशी लव तोवर कुणी हलताना पाहिलेली नाही. वीस-बावीस वर्षं थांबावं लागेल.

टोकियो, १९९८, ओसाका, २००२

नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेत उंदराचा भ्रूण काचेखाली आहे. हृदय अजून घडलेलं नाही, डावं-उजवं काही नाही. मध्यरेषेवर एक छोटा खळगा दिसतो. त्यातल्या प्रत्येक पेशीवर एकच केस आहे आणि तो फटका मारत नाही. रवी घुसळावी तसा गोल फिरतो. सगळे एकाच दिशेने, आणि सगळे किंचित मागे कललेले, म्हणून खळग्यातला द्रव उजवीकडून डावीकडे वाहत राहतो. चमकणारे सूक्ष्म मणी त्यात सोडले आहेत. तुम्ही ते डावीकडे सरकताना बघता. मग दुसरा भ्रूण येतो. त्यात लव उभारणारं एक जनुक बंद केलेलं आहे. मणी जागच्या जागी थरथरतात आणि कुठेच जात नाहीत.

चार वर्षांनी ओसाकात शिगेनोरी नोनाका आणि सहकारी एक पाऊल पुढे जातात. भ्रूणावरून ते पंपाने उलटा प्रवाह सोडतात, डावीकडून उजवीकडे. निरोगी भ्रूणाची मांडणीही उलटी होते. आणि ज्याची लव जन्मजात थिजलेली आहे, त्याला बाहेरून प्रवाह दिला की तो प्रवाह सांगेल ती बाजू घेतो.

बेलीच्या टेबलावरच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. हृदयाची जागा एका ओंजळीभरही नसलेल्या पाण्याच्या वाहण्यावर ठरते. खोकला आणि हृदय यांचं नातं लवेतून जातं. मात्र लव थिजते कशाने, हे अजून राहिलं आहे.

एका अक्षराची जागा

ते उत्तर तळ्यातल्या हिरव्या शेवाळातून आलं. क्लॅमिडोमोनस हा एकपेशीय जीव दोन शेपट्यांनी पोहतो. त्याच्या काही वाणांच्या शेपटीत डायनीनचे बाहेरचे हात नसतात आणि ते रेंगाळत पोहतात. कोणतं जनुक बिघडल्याने असं होतं ते ठाऊक होतं. त्याच जनुकाचं माणसातलं भावंड १९९९ मध्ये फ्रान्समध्ये शोधलं गेलं, आणि या आजाराचं पहिलं जनुक सापडलं : डीएनएआय-१. शंभर कोटी वर्षांहून जुनं हे नातं, आणि ते एका आजारी मुलाच्या कामी आलं. २००२ मध्ये डीएनएएच-५ सापडलं. हात घडवणारं त्याचं प्रथिन ४,६२४ दुव्यांच्या साखळीचं आहे. आज अशी पन्नासच्या वर जनुकं माहीत आहेत. आजाराला प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया म्हणतात, डॉक्टर नुसतं पीसीडी म्हणतात.

डीएनएआय-१ मधला एक बदल अनेक कुटुंबांत सापडतो. जनुकाचा पहिला तुकडा जिथे संपतो, त्या सांध्यात टी हे एकच अक्षर जास्तीचं घुसलेलं असतं. पेशी सांधा ओळखायला चुकते, पुढचा मजकूर भरकटतो आणि हात तयार होत नाही.

तुमच्या लेकीच्या जन्माआधी

शेवटचा टप्पा आता. लेकीच्या गर्भाचा तिसरा आठवडा. घरात अजून कुणाला पत्ताही नाही. भ्रूण खसखशीच्या दाण्याच्या आसपास. मधल्या खळग्यात केस उगवले आहेत, पण ते फिरत नाहीत. तिच्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती आल्या आहेत, एक आईकडून, एक बाबांकडून, आणि दोन्ही चुकलेल्या. आई-बाबांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत होती, म्हणून त्यांना आयुष्यभर काही जाणवलं नाही. नात्यात लग्न झालं असलं, मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा असला, तर एकच चूक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेरच्या लग्नांतही हे घडतं. कुणी काही खाल्लं, कुणी काही पाळलं नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

द्रव स्थिर आहे. डावं की उजवं? नाणं वर जातं, आणि हृदय उजवीकडे पडतं.

आता दोन महिने पुढे सरका आणि दुसऱ्याच एका बाळाच्या श्वासनलिकेत उतरा. अस्तरातल्या पेशी आपसांत कामं वाटून घेताहेत. शेजारणींकडून येणाऱ्या नॉच नावाच्या संकेताने काही पेशी चिकट स्राव पाझरणाऱ्या होतात. ज्यांच्यात तो संकेत मंद, त्या लवदार होतात. अशा एका पेशीत शिरा. जेमसी-१ हे जनुक जागं होतं, ते मल्टिसिलिनला उठवतं, आणि मल्टिसिलिन कामाची यादी काढतं. प्रत्येक केसाला मुळाशी एक बुंधा लागतो, सेंट्रिओल. साध्या पेशीकडे असे दोनच असतात. इथे दोनशे हवेत. पेशीच्या पोटात बुंध्यांचा कारखाना सुरू होतो, तयार बुंधे वरच्या पृष्ठभागापाशी जाऊन रांगेने बसतात, त्यांतून केस फुटतात. त्यांना हलतं करणारे सुटे भाग फॉक्सजे-१ च्या हुकुमाने बनतात. डायनीनचे हात पेशीच्या आतच जुळवून मग केसात पाठवले जातात.

या बाळात मात्र बुंध्यांचा कारखाना नीट चालूच होत नाही. सीसीएनओ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या आहेत. पेशीने लवदार व्हायचं ठरवलं, पण बुंधेच अपुरे. दोनशेच्या जागी एखाद-दुसरा केस, नाहीतर सपाट माळ. सीसीएनओचा हा वाटा २०१४ मध्ये कळला. मल्टिसिलिनच्या जनुकातल्या बदलाने असंच होतं, हेही त्याच वर्षी.

इथे थोडं थांबा, कारण पुढची गोष्ट बाकावर परतताना लागणार आहे. तिसऱ्या आठवड्यातल्या खळग्यात प्रत्येक पेशीला एकच केस हवा असतो. त्यासाठी असलेला बुंधा पुरतो, कारखान्याची गरजच नसते. म्हणून या बाळाचा प्रवाह डावीकडे नीट वाहिला. त्याचं हृदय डावीकडे आहे. एक्स-रेवर त्याची फिल्म कुणीही पालटून बघणार नाही. लेकीच्या जातीचा आजार असलेल्यांतही नाणं निम्म्या वेळा सरळ पडतं. म्हणजे हृदयाची बाजू पाहून हा आजार ओळखायला बसलं, तर निम्म्याहून जास्त मुलं हातची सुटतात.

मग ओळखायचं कशावरून? लेकीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी या. तुम्हाला तो दिवस आठवतो. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन चांगलं, रडलं लगेच. आणि काही तासांनी श्वास वाढला, नाकपुड्या फुलू लागल्या, परिचारिकेने तिला उचलून नेलं. गर्भात फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतर तो द्रव हटवण्यात लवेचाही हातभार असतो. पीसीडी असलेल्या, पूर्ण दिवस भरलेल्या बाळांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त बाळांना पहिल्या एक-दोन दिवसांत असा त्रास होतो, अनेकांना ऑक्सिजन द्यावा लागतो. मग ती बरी होऊन घरी येतात, आणि ती गोष्ट सगळे विसरतात.

तुम्हीही विसरलात. पाचव्या रात्री पाटा पुजला, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवाईने काय ते लिहावं म्हणून. तोवर मजकूर लिहूनच झाला होता. वाचणारं कुणी नव्हतं.

पुन्हा बाकावर

दार उघडतं, तुमचा नंबर येतो. डॉक्टर फिल्म उजेडावर धरतात आणि पहिला प्रश्न जन्माच्या पहिल्या दोन दिवसांचा विचारतात. मग नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी लिहून देतात. या आजारात ते फार कमी असतं. नाकातून मऊ ब्रश फिरवून पेशी घेतात, त्यांची लव वेगवान कॅमेऱ्याखाली हलते का ते पाहतात. थोडं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी.

चुकलेलं अक्षर दुरुस्त करणारं औषध आज नाही. पण हातात पुष्कळ आहे. रोज छातीचा व्यायाम करून कफ बाहेर काढायचा. जंतुसंसर्गाला वेळेवर प्रतिजैविक. लसी चुकवायच्या नाहीत. कानांची तपासणी करत राहायची, कारण कानातही पाणी साचतं आणि वर्गातलं ऐकू येत नाही. आणि खोकला दाबणारं औषध द्यायचं नाही. तिच्याकडे तेवढाच झाडू आहे. फुप्फुसं फुगून खराब होण्याआधी हे सुरू झालं, तर ती फार काळ सांभाळता येतात. आठ वर्षं गेली. पुढची सगळी हातात आहेत.

बाहेर येता तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसल्या आहेत. मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा, ओल्या खोकल्याने वाकलेला. त्या कुणाला तरी फोनवर सांगताहेत : एक्स-रे नॉर्मल आहे, हृदयबिदय सगळं जागेवर, नुसती सर्दी पाचवीला पुजली आहे.

लेकीचा हात धरून तुम्ही दोन पावलं पुढे जाता. मग परत फिरता, त्यांच्याजवळ बसता.

"ताई, एक विचारू? हा जन्मला तेव्हा याला काचेत ठेवावं लागलं होतं का?"

त्या फोन खाली घेतात आणि तुमच्याकडे बघत राहतात.